पडदेमास्तर आणि थोरली

आमच्या कोंबड्यांविरुद्ध पहिली तक्रार शेजाऱ्यांनी केली नव्हती. ती माझ्या सासऱ्यांनी केली होती, आणि तीही स्वतःच्या बायकोकडे. सासूबाई बाजारातून पिशवीत घालून चार पिल्लं घेऊन आल्या, तेव्हा सासरे म्हणाले होते, "घर भाड्याचं, अंगण भाड्याचं, त्यात ही पोटभाडेकरू कशाला?" सासूबाई म्हणाल्या, "तुमच्यासाठी नाही आणल्या. माझ्यासाठी आणल्यात." विषय तिथंच संपला. हे मला सासूबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले.

सासरे पडदे शिवायचे. कपडे नाहीत, उशांचे अभ्रे नाहीत, फक्त पडदे. ज्या दुकानात ते कामाला होते तिथं एका रांगेत मोठमोठी मशीनं दिवसभर धडधडायची. त्या धडधडीनं त्यांचे कान गेले आणि बदल्यात नाव मिळालं, पडदेमास्तर. दुकान सुटून वर्षं झाली, पण नाव सुटलं नाही आणि गळ्यातली टेपही सुटली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकीकडे बघणार, मग यजमानांकडे. एकदा माझ्या माहेरी जेवायला आले होते. आईनं विचारलं, "भाजी कशी झालीय?" तर म्हणाले, "दुमड कमी ठेवलीय. दोन धुण्यांत आखूड होईल." आई बिचारी आठवडाभर त्यावर विचार करत होती.

बोलायच्या बाबतीत मात्र माणूस महाकंजूष. कापड बेतावं तसं बोलणं बेतून वापरायचे. 'हो', 'नको', 'ठेव तिथं' आणि 'बघू' एवढ्यावर त्यांचा अख्खा दिवस निघायचा. मी बसस्थानकावर तिकिटाच्या खिडकीत बसते, दुपारच्या पाळीला. दिवसभर लोकांशी वाद घालायची सवय. घरी येऊन मी बडबडायची, भांडायची, पुन्हा बडबडायची, आणि समोर हे, जेवणावर मान खाली घालून. नवरा बापाच्याच वळणावर गेलेला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि माझा अंदाज असा की बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांनाही तो एवढंच म्हणत असेल, "बघू."

या दोन मुक्या पुरुषांना बोलतं करायचं काम सासूबाई करायच्या. त्या गेल्या आणि घर असं गप्प झालं की नळ ठिबकलेलाही ऐकू यायला लागला. आम्हाला वाटलं, आता कोंबड्याही जाणार. नवऱ्यानं तर गावाबाहेर शेत असलेल्या एका मित्राला विचारूनही ठेवलं होतं. सासरे म्हणाले, "राहू देत."

आणि त्या दिवसापासून कोंबड्यांची चाकरी त्यांनी स्वतःकडे घेतली. चार होत्या. एक काळी, एक लंगडी, एक कायम खुडूक बसणारी, आणि एक तांबूस, सगळ्यांत आधी पिशवीतून बाहेर उडी मारलेली. ती थोरली. सासूबाईंची लाडकी. अंगणाच्या पार टोकाला, शेजारच्या भिंतीला लागून पत्र्याची एक शेड होती, माणूस वाकून आत जाईल आणि स्टुलावर बसेल एवढी. तेच खुराडं. रोज सकाळी नाश्ता झाला की सासरे खराटा घेऊन आत शिरायचे ते तासाभरानं बाहेर यायचे. चार कोंबड्यांची साफसफाई करायला तासभर! मी शेजारीपाजारी अभिमानानं सांगायची, "आमच्या खुराड्यात तुम्ही खाली बसून जेवाल, इतकं ते स्वच्छ असतं." प्रत्यक्षात एकदा आत डोकावले तर तशी काही खास स्वच्छता दिसली नाही. म्हटलं, कोंबड्या लगेच घाण करत असतील.

तक्रारी अधूनमधून यायच्या, पण भागायच्या. मागच्या गल्लीतले बागवाले आजोबा वासाबद्दल कुरकुरले. त्यांना सासऱ्यांनी पोतंभर कोंबडीखत नेऊन दिलं. त्यांचे गुलाब असे काही फुलले की पुढं आजोबाच विचारायला लागले, "हल्ली वास कमी येतोय, कोंबड्या बऱ्या आहेत ना?" घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते, आम्ही तिला वरच्या बाई म्हणतो. तिचा बंदोबस्त सासूबाईंनी फार पूर्वीच करून ठेवला होता. दर आठवड्याला एक वाडगाभर अंडी वर जायची. भाडेकरारात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण करारात लिहिलेल्या गोष्टींपेक्षा जास्त नेमानं पाळलं जायचं.

अडचण झाली ती सिस्टरमुळे.

शेजारच्या दोन खोल्याही वरच्या बाईंच्याच. त्यात एक नर्स राहायला आली. एकटीच, चाळिशीची, चालताना जरा झुकलेली. रात्रपाळी करून सकाळी घरी यायची आणि झोपायची. निदान झोपायचा प्रयत्न करायची. तिच्या मागच्या खोलीची भिंत म्हणजेच आमच्या खुराड्याची भिंत. काही महिने ती काही बोलली नाही. मग एक दिवस वरच्या बाई जिन्यावरून अर्ध्या खाली येऊन थांबल्या. पूर्ण खाली येण्याइतकी वाईट बातमी नसली की त्या अर्ध्याच येतात.

"सिस्टरची तक्रार आहे. कोंबड्यांच्या आवाजानं तिला झोप लागत नाही. रात्री आजाऱ्यांना बघते ती. काहीतरी करा."

तक्रार खोटी नव्हती. अंडं घातलं की कोंबडी गप्प बसत नाही, सगळ्या मोहल्ल्याला ओरडून सांगते. माझा नवरा म्हणाला, "बघू." सासरे मात्र उठले, टेप घेतली आणि खुराड्याचं माप घ्यायला गेले.

त्यानंतर चार-पाच दिवस त्यांचं जुनं मशीन चालू होतं. आतून काळं जाड कापड, मधे अस्तर, बाहेरून उन्हात न विटणारं निळं. खालच्या दुमडीत वजनं घातलेली, म्हणजे वाऱ्यानं हलू नये. वरती दांडी, दांडीला रिंगा, आणि चुण्या अशा एकसारख्या की लग्नाच्या हॉलला लावाव्यात. एक दिवस त्यांनी तो पडदा खुराड्याला चढवला आणि दोन पावलं मागं सरून बघितला. चेहऱ्यावर असं समाधान की जणू राजवाडा सजवला.

"आता दुपारपर्यंत यांची रात्र," ते म्हणाले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकलं.

आणि युक्ती खरंच चालली. पडदा बंद असला की आत मिट्ट काळोख. कोंबड्यांना वाटायचं, उजाडलंच नाही. दुपारी सिस्टरची झोप पुरी होण्याच्या सुमाराला सासरे पडदा सरकवायचे आणि आमच्या अंगणात त्या दिवसाची दुसरी सकाळ व्हायची. सकाळी चूं नाही की चां नाही. सासरे त्यांच्या नेहमीच्या वेळेला बॅटरी घेऊन पडद्याआड शिरायचे, साफसफाई करायचे आणि तासाभरानं, कधी कधी दीड तासानं बाहेर यायचे. म्हटलं, अंधारात झाडायला वेळ लागतच असणार.

दोन आठवड्यांनी वरच्या बाई पुन्हा अर्ध्या जिन्यावर.

"सिस्टर म्हणते, आवाज अजून येतोय. पूर्वीपेक्षा जास्त."

आता मात्र सासरे चिडले. इतके की बोलायला लागले. "कोंबड्या गप्प आहेत! मी स्वतः आत असतो ना! एक शब्द काढत नाहीत!" मग माझ्याकडे वळून, "तिच्या कानातच काहीतरी बिघाड आहे." हे कोण म्हणत होतं, तर ज्यांना दाराची घंटा वाजली हे सांगायला खांद्याला हात लावावा लागतो, ते. मी हसू दाबलं, पण मलाही सिस्टरचा राग आला. गप्प कोंबड्यांचा आवाज येतो म्हणजे काय? ही सरळसरळ खोड काढायची लक्षणं.

त्यात भर म्हणून कोंबड्यांनी अंडी घालणं बंद केलं. आधी काळीनं, मग लंगडीनं, मग थोरलीनं. खुडूक बसणारी तर आधीपासूनच नावापुरती होती. सासऱ्यांनी दाणे बदलले, पाण्यात औषध घातलं, पण त्यांच्या डोक्यात हे आलंच नाही की अर्ध्या दिवसाचा उजेड आपणच पडद्यानं कापून टाकलाय आणि कोंबडीला अंड्यासाठी लांब दिवस लागतो. आयुष्यभर लोकांच्या घरातलं ऊन अडवायचं काम केलेला माणूस. ऊन अडवलं की काही बिघडतं, हे त्यांना कसं सुचणार?

वाडगा वर जायचा थांबला, आणि वरच्या बाई पहिल्यांदाच पूर्ण जिना उतरून खाली आल्या. मी तेव्हाच ओळखलं.

"आवाज आहे तो आहेच, आणि अंडी मात्र नाहीत," त्या म्हणाल्या. "मग ठेवायच्या कशाला? महिनाअखेरपर्यंत कोंबड्या हलवा. नाही जमलं तर तुम्ही दुसरं घर बघा. मला वाईट वाटतंय, पण सिस्टर भाडेकरू म्हणून चांगली आहे, कटकट नाही तिची."

मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. तिकिटाच्या खिडकीत शिकलेलं सगळं कसब वापरलं. पण घर त्यांचं, त्यामुळं शेवटचं वाक्यही त्यांचंच. रात्री जेवताना नवऱ्यानं मित्राच्या शेताचा विषय काढला. मोकळी जागा आहे, पंधरा-वीस कोंबड्या आधीच आहेत, आपल्या चार मजेत राहतील. सासरे ताटाकडे बघत होते.

"थोरली म्हातारी झालीय," ते म्हणाले. "नवीन ठिकाणी रुळायची नाही." आणि न जेवता उठले.

मला वाटलं, सासूबाईंची आठवण म्हणून जीव अडकलाय. ते खरंही होतं. पण पूर्ण खरं काय होतं ते मला अजून ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सासरे बॅटरी घेऊन पडद्याआड गेले तशी मी पदर खोचून सिस्टरकडे निघाले. मनात वाक्यं तयार होती, धारदार. तिनं दार उघडलं. डोळे तांबडे, केस विस्कटलेले. माझा आवेश बघून ती भांडलीच नाही, फक्त म्हणाली, "बरं झालं आलात. आत या. पण बोलू नका हं, जरा थांबा."

खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता म्हणून तिनं मला पलंगावरच बसवलं. पलंग भिंतीला टेकलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. स्पष्ट, खणखणीत, शेडच्या पत्र्यामुळं आणखी घुमणारा.

"अगं, ऐकलंस का?"

मी दचकून मागं बघितलं. मागं फक्त भिंत होती.

"काल पुन्हा भांडली वरच्या बाईशी. तुझ्या कोंबड्यांसाठी हं. काय तोंड चालतं पोरीचं! बाई तीन पायऱ्या मागं सरकली. तू म्हणायचीस ना, फटकळ आहे, पण मनात काही ठेवत नाही. खरं आहे तुझं. मनात काही ठेवत नाही आणि भाजीत मीठ ठेवत नाही. सांगायचं कोणी? मी नाही सांगणार. तू असतीस तर तू बरोबर सांगितलं असतंस, तिला न लागेलसं."

मी सिस्टरकडे बघितलं. ती अंथरुणाच्या कडेला बसून हाताच्या बोटांकडे बघत होती.

"तुझं लेकरू काही बोलत नाही. माझ्यावर गेलंय. त्याच्या निळ्या शर्टाला कोपरावर भोक पडलंय, तसाच घालून जातो. आणि मिक्सर बिघडलाय, नुसता आवाज करतो. तू घेतला होतास तो. नवीन घेऊ म्हणतात, मी म्हटलं बघू." थोरली कुरकुरली असावी, बारीक आवाज आला. मग सासऱ्यांचा आवाज, तेवढाच मोठा पण निराळा. "महिनाअखेरीला हिला नेणार म्हणतात. नेतील. पण मग मी तुला सांगू कुठं?"

माझी धारदार वाक्यं कुठं गेली ती मला अजून सापडलेली नाहीत. मी पलंगावर बसून रडले. परक्या बाईच्या पलंगावर, आणि ती परकी बाई माझ्या पाठीवर हात फिरवत बसली.

"रोज असंच," ती हळू आवाजात म्हणाली, अर्थात हळू बोलायची काही गरज नव्हती. "सुरुवातीला वाटलं, घरात कुणाशी बोलतात. मग कळलं, कुणाशी ते. कोंबड्यांचं काय हो, त्यांच्या आवाजात मी ढाराढूर झोपते. दवाखान्यात याच्या दसपट आवाज असतो. पण हे सुरू झालं की झोप कशी येणार? कान तिकडेच. परवा सांगत होते, एका गिऱ्हाइकानं एकाच खिडकीला दोन रंगांचे पडदे मागितले. नवऱ्याला एक रंग हवा, बायकोला दुसरा. पुढं काय झालं ते सांगणार एवढ्यात ती काळी का कोण पाणी सांडून गेली, आणि राहिलंच. मी दिवसभर त्याचाच विचार करतेय. रात्री कामावर डुलक्या लागतात. मेट्रननं दोनदा झापलं."

"मग तुम्ही कोंबड्यांची तक्रार का केलीत?"

"मग कशाची करू?" ती म्हणाली. "एक म्हातारा माणूस रोज सकाळी बायकोशी बोलतो, त्याला गप्प करा, असं सांगू?"

तिचं मला पटलं. आणि आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला लाज वाटत नाही. मला थोरलीचा हेवा वाटला. याच घरात मीही होते, रोज समोर जेवायला वाढत होते. माझ्या वाट्याला चार शब्द, आणि कोंबडीच्या वाट्याला सगळा माणूस.

दोघींनी तिथंच बसून ठरवलं. त्यांना हे कळता कामा नये. एकदा कळलं, की त्यांचा आवाज भिंतीपलीकडे जातो, तर ते पुन्हा तोंड उघडणार नाहीत, आणि मग घरात खरोखरचा काळोख. खुराडं हलवायचं. त्या भिंतीपासून सोडवून आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आणायचं. सिस्टरनं वर जाऊन सांगितलं, जागा बदलली तर माझी काही तक्रार नाही. मी वर जाऊन सांगितलं, तिकडं ऊन येतं, पडदा काढणार आहोत, अंडी पुन्हा सुरू होतील. वरच्या बाईंनी ठामपणे विचारलं, "नक्की?" मी कोंबड्यांच्या वतीनं शब्द दिला.

सासऱ्यांना मी उन्हाचीच गोष्ट सांगितली. त्यांनी टेप काढून खिडकीखालची जागा मोजली, खिडकीची उंची मोजली, खिडकी आणि ओट्यातलं अंतरही मोजलं. सवय, दुसरं काय. म्हणाले, "चालेल."

रविवारी नवऱ्यानं शेड सोडवून इकडं आणली. निळा पडदा उतरला. दिवस पुन्हा पूर्ण लांबीचा झाला, काही आठवड्यांत काळीनं अंडं घातलं आणि ते ओरडून सगळ्यांना सांगितलं. वाडगा वर जायला लागला. आता एवढं चांगलं कापड वाया कसं घालवायचं म्हणून सासऱ्यांनी तोच पडदा उसवून सिस्टरच्या खिडकीच्या मापानं पुन्हा शिवला आणि स्वतः जाऊन लावून दिला. परत आले तेव्हा जरा विचारात होते. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "खिडकी वाकडी बसवलीय त्यांची."

आणि मी काय कमावलं, तर रोज सकाळी स्वतःबद्दलचं गाऱ्हाणं ओट्याशी उभं राहून ऐकायचं. ते खराटा घेऊन आत शिरले की मी दुरुस्त करून आणलेला मिक्सर बंद करायची, नळ बंद करायची आणि चाकूसुद्धा हळू चालवायची. "अगं, ऐकलंस का? काल भाजी पुन्हा अळणी." दुसऱ्या दिवशी मी मीठ वाढवायची. "बनियनची शिवण उसवलीय, डोळ्यांना सुईत दोरा दिसत नाही, आता सांगायचं कुणाला?" त्या रात्री बनियन शिवून घडी घालून ठेवलेलं. "पोरगी दमते गं. सगळ्या दुनियेशी भांडून येते आणि घरी येऊन पुन्हा उभी." त्या दिवशी मी कामाला उशिरा पोचले आणि खिडकीत कुणाशीच भांडले नाही. लोक घाबरले असतील.

सुट्टीच्या दिवशी सिस्टर वाटाणे सोलायच्या निमित्तानं माझ्या ओट्याशी येऊन बसायची. झोप पुरी झालेली, पण आठवडाभराचं राहिलेलं ऐकायचं असायचं. आम्ही दोघी तोंडाला कुलूप लावून बसायचो. दोन रंगांच्या पडद्यांचं मात्र ते काही केल्या पुढं सांगत नव्हते.

थंडीच्या दिवसांत थोरली गेली. आजारी नव्हती, म्हातारीच होती. सकाळी खोक्यात मान खाली घालून बसलेली सापडली. सासऱ्यांनी तिला अंगणाच्या कोपऱ्यात पुरलं आणि हात धुऊन आत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन गेले, झाडलं आणि लगेच बाहेर आले. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी मिक्सर बंद करून उभी, आणि खिडकीखाली फक्त खराट्याचा आवाज. काळी होती, लंगडी होती, पण त्यांच्याशी ते बोलत नव्हते. ज्याची आम्हाला भीती होती तेच, फक्त महिनाअखेरीऐवजी जरा पुढं ढकललेलं. जेवताना ते पुन्हा 'हो' आणि 'नको'वर आले होते. मला काय करावं सुचेना. सगळ्या दुनियेशी बोलता येतं मला, पण त्यांच्याशी कसं बोलायचं ते माहीत नव्हतं.

मग एका सकाळी मी मिक्सर बंद केला, सवयीनं. खिडकीखालून आवाज आला.

"ऐकलंस का?"

'अगं' नव्हतं. मी वाकून बघितलं. ते खुराड्यात नव्हते. स्टूल बाहेर ओढून खिडकीकडे तोंड करून बसले होते, सरळ माझ्याकडे बघत.

मी म्हटलं, "मी?"

"मग काय काळी?" ते म्हणाले. "मिक्सर बंद केलास ना आत्ता?"

"तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू कशाला यायला हवं? जन्म मशीनं चालवण्यात गेला. कुठलंही मशीन थांबलं की मला पायांतून कळतं." त्यांनी चप्पल काढून पाय भिंतीला टेकवला, दाखवण्यासाठी. "मी आत शिरलो की थांबायचं, बाहेर आलो की सुरू. रोज."

ते खाली बघून खराट्याची एक काडी मोडत राहिले.

"सिस्टरचा पडदा लावायला गेलो होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा आपल्याकडं पोरगा शेडची जुनी जागा साफ करत होता. खिळा लागला त्याला आणि शिवी दिली त्यानं. त्या भिंतीतून मला ऐकू आली. मला! म्हटलं, मग तिला माझं काय काय ऐकू आलं असेल. आणि तू खुराडं इकडं का आणलंस, तेही कळलं."

मी मनातल्या मनात महिने मागं मोजायला लागले. पडदा लावला तो कधी, आणि त्यानंतर काय काय ऐकलं. मीठ. बनियन. पोरगी दमते गं.

"म्हणजे ते मिठाचं..."

"तुलाच सांगत होतो," सासरे म्हणाले. "समोरासमोर जमत नाही. सवय नाही. तिला सांगतोय असं केलं की जमायचं." त्यांनी खराटा बाजूला ठेवला. "दमतेस म्हटलं, तेही तुलाच. आता थोरली नाही. म्हटलं, सरळच सांगून बघू."

मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस जसा दिसतो तशी मी दिसत असणार, कारण ते घाईनं दुसरीकडे बघायला लागले. मी गॅस बंद केला, चहाचे दोन कप घेतले आणि अंगणात जाऊन उलट्या बादलीवर त्यांच्यासमोर बसले. काळी आमच्या पायांत दाणे शोधत होती. बराच वेळ त्यांचा पहिला शब्द निघेना, म्हणून मीच म्हटलं, "बाबा, त्या दोन रंगांच्या पडद्यांचं पुढं काय झालं?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. शेजारच्या खिडकीकडे बघितलं. सिस्टर नुकतीच कामावरून आली होती, निळा पडदा अजून ओढायचा होता.

"तिलाही बोलाव," ते म्हणाले. "अर्धवट ऐकून बसलीय बिचारी."